अर्धी फळी

भाताच्या दाण्यात दूध भरायला आणि खाडीचं पाणी शेतात शिरायला एकच आठवडा सापडला.

गुरुवारी सकाळी बेटीनं बांधावर वाकून चारीच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. थुंकली. आपली जीभच खोटं बोलत असेल म्हणून पुन्हा बुडवलं, पुन्हा चाखलं, आणि या वेळी थुंकायचंही विसरली.

"खारट?" मागून तिच्या नवऱ्यानं, ज्युलियसनं विचारलं.

"तूच चाखून बघ."

"तुझं तोंड बघितलं ना. बस झालं तेवढं."

भुईखार हे विरारच्या पश्चिमेला खाडीकाठचं पासष्ट उंबऱ्यांचं गाव. बोळिंजच्या टॉवरांवरून बघितलं तर एक हिरवं फडकं वाळत घातल्यासारखं दिसेल. बाहेर खाडी, मध्ये मातीचा मोठा बांध, आत भातशेती. त्या बांधाला एकच तोंड, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडी उघडली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं आणि भरतीला बंद केली की खाडी बाहेर राहते. पूर्वी तिथं लाकडाच्या फळ्या होत्या. मग सरकारी खात्यानं लोखंडी दार बसवलं, वर चाक बसवलं, चाकाला कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन गेलं. गाव मात्र त्या दाराला अजूनही फळीच म्हणतं.

ही फळी बुधवारी वरच्या वर अडकली. साखळी तुटली, दार खाचेत वाकडं बसलं, आणि खाडीला घराचं दार सताड उघडं सापडलं. उघाडीच्या भिंतीवर पाटी आहे: 'प्राधिकृत व्यक्तीशिवाय हात लावू नये.' मागच्या वर्षी शेजारच्या गावातल्या तिघांनी अशाच एका दाराला हात लावला होता, ते अजून तारखेला जातात. म्हणून पाटी वाचायची आणि हात खिशात घालायचे, एवढंच गावाच्या हातात होतं.

आत्ता भरती लहान होती, पाणी चारीतच खेळत होतं. पण सोमवारी अमावस्या. दुपारी पाऊण वाजता उधाण येणार होतं, आणि त्या पाण्याला चारी पुरणार नव्हती. ज्युलियसचं सव्वा एकर शेत खालच्या आळीत, सगळ्यात खोलगट. पाणी आधी तिथंच बसायला येणार. एकदा उधाण बसलं की हे भात तर जातंच, पुढची दोन वर्षं जमिनीत मीठ राहतं. दोन वर्षं पडीक जमिनीभोवती पत्र्याचं कुंपण कसं येतं आणि पत्र्यावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र कसं येतं, हे गावानं खाडीच्या पलीकडं बघितलेलं होतं.

"सोमवारपर्यंत," ज्युलियस म्हणाला, आणि फावडं घेऊन शेताचा आपला छोटा बांध उंच करायला लागला. बेटीनं टोपली उचलली.

*

संध्याकाळी गाव क्रुसाखाली बसलं. भुईखारची ही जुनी रीत. कचेरीत कुणाला पाठवायचं झालं की रोझरी आटोपल्यावर गाव क्रुसाखाली बसतं आणि एकाला 'गावाचा मानूस' करतं. त्यानं क्रुसाच्या दगडी पायरीवर हात ठेवायचा, गाव शब्द देतं, तो त्यानं तीनदा म्हणायचा. कचेरीत जाऊन तेवढाच शब्द बोलायचा. अधिक नाही, उणा नाही, आणि पोटातला तर नाहीच नाही.

म्होरक्या म्हणजे निकोलस. वरच्या आळीतला, सत्तरीचा, कानावर हात ठेवून ऐकणारा. तो म्हणाला, "ज्युलियसला पाठवा. मराठी चांगलं बोलतो. पन बापासारखं नको रे बाबा."

लोक हसले. ज्युलियसही हसला, कारण न हसून चाललं नसतं. तीस वर्षांपूर्वी मोठा बांध दोन ठिकाणी खचला, तेव्हा गावानं त्याच्या बापाला पाठवलं होतं. शब्द होता, 'बांध बुजवा.' बापानं आपल्या पदरचं एक वाक्य जोडलं, 'आमच्या टोकाकडून सुरुवात करा.' मजूर खालच्या टोकाला लागले, वरचं टोक तसंच राहिलं, ते फुटलं आणि वरच्या आळीचं सगळं भात वाहून गेलं. बाप मेला, वाक्य जगलं. आजही लग्नाच्या पंक्तीत ज्युलियसनं वाटी पुढं केली की कुणीतरी म्हणतंच, "हां, आधी तुमच्या टोकाकडून!"

गुरुवारचा शब्द सोपा होता: 'उधाणाच्या आधी फळी खाली पाडा.' ज्युलियसनं तीनदा म्हटला. त्याची मुलगी स्टेफी, अकरावीतली, हिनं टपोऱ्या अक्षरात अधिकारपत्र लिहिलं आणि पासष्ट घरांच्या सह्या घेतल्या. तीन आज्यांचे अंगठे घेताना शाई तिच्या स्वतःच्या गालाला लागली आणि ती तशीच मिरवत राहिली.

शुक्रवारी पहाटे, कचेरीत जायच्या आधी चार टोपल्या माती टाकू म्हणून ज्युलियस चिखलात उतरला आणि कालवाच्या शिंपेवर त्याचा पाय पडला. शिंप टाचेपासून बोटांपर्यंत चिरत गेली. त्यानं वर फडकं बांधून आणखी दोन टोपल्या टाकल्या. नऊ वाजेपर्यंत पाय भोपळ्यासारखा झाला आणि अंगात ताप भरला.

"मी जाते," बेटी म्हणाली.

"गावाचा मानूस मी हाय."

"मंग ऊठ नि जा."

तो उठला. पाय टेकला. पुन्हा खाटेवर बसला आणि स्टेफीला म्हणाला, "मागच्या बाजूला लिव. माझ्या वतीनं माझी बायको येत आहे."

*

खात्याच्या कचेरीत बेटी पहिल्यांदाच एवढी आत गेली. दारादारावर पाट्या होत्या आणि प्रत्येक पाटीवर माणसाच्या नावापेक्षा मोठं पद होतं. काही पाट्यांवर पद होतं आणि नाव खरवडलेलं होतं. एका दारावर नुसतंच 'अतिरिक्त' उरलं होतं, पुढचं अक्षर गळून पडलेलं. ते दार बंद होतं. त्याला टेकून एक शिपाई दोन्ही डोळे मिटून उभा होता, आणि तेही इतक्या अधिकारानं की बेटीनं त्याला उठवायचा विचारसुद्धा केला नाही.

आवक-जावकच्या टेबलाशी विनया मॅडम होत्या. वाईट बाई नव्हत्या. त्यांनी बेटीच्या पायांचा चिखल बघितला, खुर्ची दिली आणि कागद वाचला.

"यात तर ज्युलियस आहेत."

"त्यांचा पाय कापलाय. मी त्यांची बायको."

"ताई, बायको हे पद नाही हो."

बेटीनं कागद उलटा करून मागची ओळ दाखवली. विनया मॅडमनी ती वाचली आणि खरोखर वाईट वाटल्यासारखं तोंड केलं.

"गावानं अधिकार यांना दिला. यांना तो पुढं दुसऱ्याला देता येत नाही. गावानंच तुमच्या नावानं द्यायला हवा. मी आज हे घेतलं आणि उद्या तुमच्या गावातूनच कोणी उठलं, की या बाईला कोणी पाठवलं, तर?"

बेटीला भुईखारचे लोक माहीत होते. असं कुणीतरी उठलंच असतं.

"मोठे साहेब भेटतील?"

"उपअभियंता हे पद रिक्त आहे. प्रभारी आहेत हर्षवर्धन सर. मुळात ते शाखा अभियंता, दुसरीकडचे. इथला अतिरिक्त कार्यभार आहे त्यांच्याकडं. सोमवारी येतात."

"मंग आज सही कोन करतं?"

"मी. पण 'करिता' म्हणून."

"म्हंजे तुमी त्यांच्या जागी."

"जागी नाही ताई, वतीने."

"मी पन ज्युलियसच्या वतीनंच आले ना!"

विनया मॅडमनी खण उघडला. प्लास्टिकच्या पिशवीत घडी न पडू देता जपलेला एक कागद काढला. "माझ्याकडं आदेश आहे," त्या म्हणाल्या. म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

बेटीला त्या कागदाचा हेवा वाटला. असा एक कागद मिळाला असता तर तिनं तो फ्रेममध्ये येशूच्या शेजारी लावला असता.

"सोमवारी सकाळी दहाला या," विनया मॅडम म्हणाल्या. "सरांना मी आजच फोन करते. चेनपुली घेऊन माणसं सकाळीच तुमच्या उघाडीवर उभी राहतील, हे मी बघते. पण दाराला हात लावायचा म्हणजे गावाचा अर्ज आणि अर्ज घेऊन येणारा माणूस, दोन्ही बरोबर पाहिजेत. उद्या सुट्टी, परवा रविवार. तेवढ्यात करून घ्या."

*

शनिवारभर मायलेकी माती टाकत होत्या. चारीतला चिखल उपसायचा, टोपलीत भरायचा, गुडघ्यापर्यंत रुतत बांधावर न्यायचा, थापायचा. ओला बांध पोटावर झोपलेल्या म्हशीसारखा पसरायचा, मग पुन्हा खालून वर चोपायचा. बेटीच्या पाठीत कळ बसली ती बसलीच. स्टेफीच्या तळहाताला फोड आले, फुटले, त्यात खारं पाणी गेलं, आणि ती एवढ्या जोरात किंचाळली की झाडावरचे बगळे उडाले.

"काय गं?"

"काय नाय. मीठ चोळतात ना जखमेवर, ते काय असतं ते कळलं."

खाट ज्युलियसनं पडवीत आणायला लावली होती. तिथून तो ओरडायचा. "डावीकडं! डावीकडं सखल हाय!" पाय उशीवर, पायाला डॉक्टरनं बांधलेली पट्टी, पट्टीतून पिवळं पाणी. "आगं, माझी डावी!"

"तुझा पाय बोलतो की तू बोलतोस?" बेटी ओरडली.

भाताला ओंब्या लोंबत होत्या. बेटीनं एक दाणा नखानं दाबला. पांढरं दूध बोटावर आलं. तिनं ते चाटलं. गोड होतं, आणि गोड लागलं म्हणून तिला रडू आलं. मग टोपली उचलायची होती, म्हणून ते तिथंच राहिलं.

रविवारी मिसा झाल्यावर गाव पुन्हा क्रुसाखाली बसलं. बेटीनं सगळं सांगितलं. तिला गावाचा मानूस करायला कुणाची ना नव्हती. बाई कधी पाठवली नव्हती, पण निकोलस म्हणाला, "आता पोरी विमान चालवतात," आणि तो प्रश्न संपला; स्टेफीनं आईच्या नावाच्या नव्या कागदावर सह्याही घेतल्या. अडलं शब्दावर.

"सोमवार-मंगळवारला मोठा पाऊस सांगितलाय," वरच्या आळीतली पॉलिन म्हणाली. तिनं मोबाईल वर धरला, पिवळा नकाशा सगळ्यांना दाखवला. "वाकडी फळी एकदा पूर्न पाडली की लवकर वर यायची नाय. नि वरून ओतला, तर पानी जाईल कुठं? खालचं भरलं की आमच्यात तुंबेल. भात आत्ताच वाकलंय. दोन दिवस पान्यात लोळलं की कुजेल."

"आनि नाय पाडली तर आमचं?" खालच्या आळीतून कुणीतरी.

"नाय पाडा कोन बोलतं? अर्धी पाडा. खाडी थोडी येईल, पाऊस थोडा जाईल."

"खाडी थोडी येते का कधी?" बेटी बोलून गेली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. वरच्या आळीची घरं एकेचाळीस, खालच्या आळीची चोवीस. निकोलसनं कानावरचा हात काढला.

"बेटी, तू आता गावाची हायस. खालच्या आळीची नाय. बोलायचं असेल तर पायरीवरचा हात काढ, दुसऱ्याला पाठवू."

दुसरा कोण? दुसऱ्याच्या नावानं पुन्हा कागद, पुन्हा सह्या. तिनं हात काढला नाही. शब्द आला: 'उधाणाच्या आधी फळी अर्धी पाडा.' तिनं तो तीनदा म्हटला. तिसऱ्यांदा म्हणताना ती स्वतःच्या शेताच्या विरुद्ध बोलते आहे हे तिच्या जिभेला कळत होतं, पण आवाज स्पष्ट आला.

निघताना पॉलिन हसत म्हणाली, "सासऱ्याचं नाव नको काढू हां बाय."

*

सोमवारी दहाला बेटी कचेरीत होती. हर्षवर्धन साहेब आले सव्वाअकराला. तिशीचा पोरगा, पायात धावायचे बूट, खांद्याला बॅग, तीन कचेऱ्यांच्या किल्ल्या एकाच रिंगमध्ये. त्यानं विनया मॅडमकडून कागद घेतला, बेटीच्या नावावर बोट ठेवलं आणि तिच्याकडं बघून मान डोलावली.

"हां, आता बरोबर आहे. प्राधिकृत प्रतिनिधी. बसा. माणसं उघाडीवर पोचलीत, चेनपुली लावलीय. मी फोन केला की पंधरा मिनिटांत दार खाली."

बेटी खुर्चीत मागं टेकली.

साहेबानं अर्ज वाचला आणि थांबला. "अर्धी?"

"हां."

"ताई, अर्धं नाही ठेवता येणार. खाच वाकलीय. एकदा सोडलं की दार थेट तळाला जाणार. अर्ध्यावर धरायला खालून टेकू लावावे लागतील. ते नवीन काम झालं. त्याची मंजुरी कार्यकारी अभियंता देतात, आणि ते प्रशिक्षणाला गेलेत. माझ्या अधिकारात एकच आहे, आपत्कालीन म्हणून पूर्ण बंद करणं." त्यानं घड्याळ बघितलं. "करू पूर्ण बंद? तुम्ही फक्त हो म्हणा. इथं लिहा, 'पूर्ण बंद करण्यास गावाची संमती आहे.' सही करा. मी लगेच फोन लावतो."

बेटीनं टेबलावरचा पेन बघितला. निळा, साधा, टोपण चावलेला. एक शब्द. नुसतं 'हो.' तिचं सव्वा एकर, दाण्यातलं दूध, खाटेवरचा पाय, स्टेफीचे फोड, सगळं त्या एका शब्दाच्या पलीकडं उभं होतं.

"एक फोन करू?"

"करा. लवकर."

तिनं निकोलसला लावला. तो ओरडून बोलायचा, म्हणून सगळ्या खोलीनं ऐकलं.

"अर्धी होत नाय बोलतात. पूर्न करू का विचारतात."

"शब्द काय दिला व्हता?"

"अर्धी."

"मंग?"

"होत नाय म्हनतात ना! तुमी सांगा, पूर्न करू?"

"मी कोन सांगनारा? शब्द क्रुसाखाली ठरला. मी एकट्यानं बदलला तर उद्या पॉलिनच्या घरचे माझ्या दारात येतील. लोक बोलवावे लागतील. निम्मे कामावर गेलेत."

"पाऊन वाजता पानी येनार!"

"तू काय ते बग," निकोलस म्हणाला आणि मग लगेच घाबरून, "नाय, तू नको बघू. शब्द हाय तेवढाच बोल."

तिनं ज्युलियसला लावला. तापानं त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. तिनं सांगितलं. पलीकडून नुसती खाट करकरली.

"ऐकतोस ना?"

"ऐकतो."

"काय करू?"

"मी आता गावाचा मानूस नाय, बेटी. तू हायस." मग हळू, "लोक बापाला अजून खातात. स्टेफीला इथंच ऱ्हायचंय."

बेटीनं फोन पदराला पुसला. का पुसला कोण जाणे. साहेब बघत होता, विनया मॅडम बघत होत्या. भिंतीवरचं घड्याळ अकरा चाळीस दाखवत होतं. तिच्या पोटात 'हो' होता. अगदी तयार, न्हाऊन-माखून उभा असलेला. पण पोटातला शब्द बोलायला तिला कुणी पाठवलं नव्हतं.

"गावाचा शब्द अर्धी असा हाय," ती म्हणाली.

"म्हणजे पूर्ण बंद करायला नकार?"

"नकार नाय. शब्द अर्धी असा हाय."

"ताई, मला लिहायला लागेल. एकतर संमती, नाहीतर नकार. तिसरा रकाना नाही."

तिनं मान खाली घातली. त्यानं थोडा वेळ वाट बघितली. खरंच बघितली. मग अर्जाच्या खाली लिहिलं: 'गावाच्या प्राधिकृत प्रतिनिधींनी दार पूर्ण बंद करण्यास नकार दिला. अर्धवट बंद करण्याबाबत वरिष्ठांकडे मार्गदर्शन मागविण्यात येत आहे.' बेटीनं सही केली. सुंदर सही, स्टेफीनं शिकवलेली, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली.

*

रिक्षा करून ती उघाडीवर पोचली तेव्हा साडेबारा झाले होते. चार माणसं टेम्पोत बसून वडापाव खात होती. दाराला साखळी लावलेली, चेनपुली तयार. बेटी धावत गेली.

"पाडा ना! पाडा, मी सांगते!"

त्यातल्या एकानं तोंडातला घास गिळला. "मॅडम, साहेबांचा फोन आला आत्ताच. गावानं नाही म्हटलंय म्हणे. आम्ही निघतोय."

"मीच गाव! मीच म्हटलं!"

"मग बरोबर आहे ना," तो म्हणाला. त्याला खरंच समजलं नव्हतं.

पाणी आलं. आवाज न करता, उघाडीच्या तोंडातून जाड, करडं, फेसाची मिशी लावून. चारी भरली. पाणी कडेला आलं, क्षणभर थांबलं, जणू विचारतंय, येऊ का? मग ज्युलियसच्या बांधाशी गेलं. तीन दिवसांचा ओला बांध टिकला. पाच मिनिटं टिकला. बेटी बघत होती आणि तिला कुठंतरी वाटलंसुद्धा, की राहील. मग पाणी वरून गेलं. बांध फुटला नाही, ढासळला नाही, पाणी नुसतं त्याच्यावरून आत उतरलं, पाहुणा उंबरा ओलांडतो तसं. ओंब्या उभ्याच राहिल्या. खालचं सगळं करडं होत गेलं. मग पाणी चढत वरच्या आळीकडं निघालं. तिथल्या बायका पदर कंबरेला खोचून बांधावर धावत होत्या.

त्या दिवशी पाऊस आला नाही. मंगळवारीही आला नाही. आभाळ धुतलेल्या परातीसारखं कोरडं, चकचकीत. पॉलिनच्या नकाशावरचा पिवळा रंग दुसऱ्याच जिल्ह्यात निघून गेला होता.

*

बुधवारी भाताची पाती टोकाकडून पिवळी पडली. दाणे दाबले तर दुधाऐवजी पाण्यासारखं काहीतरी यायचं, आणि काहीतून तेही नाही.

उंच केलेल्या बांधानं आता उलटं केलं होतं. खारं पाणी आत कोंडून धरलं होतं. बेटी आणि स्टेफी स्वतः थापलेला बांध स्वतःच फोडत होत्या. माती घट्ट बसली होती. फावडं मारलं की हात खांद्यापर्यंत झिणझिणायचे.

"चांगला बांधला होता गं आपण," स्टेफी म्हणाली.

बेटीनं फावडं पुन्हा उचललं.

निकोलस, पॉलिन आणि आणखी तिघं बांधावरून आले. पॉलिनचे डोळे सुजले होते. येताच ती म्हणाली, "डोकं नाय का तुला? साहेब बंद करतो बोलत होता, नि तू नाय बोललीस?"

"शब्द अर्धी होता."

"आगं, शब्द शब्द काय! वेळ बघून मानूस बोलतो की नाय?"

बेटीनं तिच्याकडं बघितलं. पॉलिननं मान दुसरीकडं वळवली.

निकोलसनं मोबाईल पुढं धरला. "कचेरीचा कागद आलाय. नुकसानीचा पंचनामा करायला उद्या मानसं येनार. गावाच्या प्राधिकृत प्रतिनिधीनं हजर ऱ्हावं. तुझं नाव हाय."

"दुसऱ्याला करा."

"करनार व्हतो. पन ती बाई फोनवर बोलली, त्यांच्या दप्तरात तुझंच नाव लागलंय. बदलायचं तर अर्ज प्रतिनिधीनंच द्यायचा, मंग त्याला आठ दिवस. पंचनामा उद्या हाय." त्यानं खाकरून घसा साफ केला. "आमच्या शेतांचं पन तूच सांगायचं."

"काय सांगू?"

"सांग, उधानानं गेलं."

"ते विचारतील, दार बंद का नाय केलं."

"ते नको बोलू," तिसरा कुणीतरी म्हणाला.

"मी नाय बोलले तरी त्यांच्याकडं लिवलेलं हाय. गावानं नकार दिला, असं. खाली माझी सही हाय."

फुटलेल्या बांधातून पाण्याची एक बारीक धार चारीत पडत होती, तिचा तेवढा आवाज.

"चला मग क्रुसाखाली," बेटी म्हणाली. "शब्द द्या. पायरीवर हात ठेवते. तीनदा म्हनते."

निकोलसनं मागं वळून लोकांकडं बघितलं. लोकांनी निकोलसकडं. उद्या येणाऱ्या माणसांना काय सांगितलं की भात परत येईल, असा शब्द पासष्ट घरांत कुणाजवळ नव्हता. आणि ज्या शब्दानं पाणी आलं होतं, तो तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाचा होता.

शेवटी म्हातारा खालच्या आवाजात म्हणाला, "तूच बग बाय काय ते. तुझ्या मनानं सांग."

बेटी सरळ उभी राहिली. पाठीतली कळ वरपर्यंत गेली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच ती हसल्यासारखं स्टेफीला वाटलं, पण ते हसू नव्हतं.

"आता?" ती म्हणाली.

आणि तिनं फावडं मारलं. माती तुटली, मागून खारं पाणी आलं आणि तिच्या पोटऱ्यांभोवती फिरून चारीकडं गेलं. बांधावरची पाच माणसं एकेक करून, एकमेकांना वाट देत, परत फिरली.